दम लागतो म्हणून बसून राहायचं का? व्यायाम आणि श्वासाचा थोडा इतिहास

गोरेगाव स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, म्हणून तुम्ही बाहेर पडणंच कमी केलंय का? सीओपीडी असलेल्यांना घरचेही सांगतात, ‘बसा, दगदग करू नका.’ हा सल्ला फक्त घरच्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत.

१९५२ मध्ये अमेरिकेतले डॉ. अल्व्हान बॅरॅक यांनी वेगळं सुचवलं. ऑक्सिजन देऊन रुग्णांना हळूहळू चालवलं, तर त्यांची चालण्याची ताकद वाढते. पुढे १९६०च्या दशकात डेन्व्हरमध्ये डॉ. थॉमस पेटी यांनी औषधं, चालणं आणि श्वासाचं शिक्षण एकत्र आणलं. यालाच आज आपण फुफ्फुसांचं पुनर्वसन म्हणतो.

श्वासाचा अभ्यास आपल्याकडे त्याआधीच सुरू झाला होता. १९१८ मध्ये गोरेगावपासून जवळच, वर्सोव्याला श्री योगेंद्र यांनी ‘द योगा इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाचे परिणाम उपकरणांनी मोजले. प्राणायामात जास्त ऑक्सिजन मिळतो, ही समजूत त्यांनी स्वतःच खोडून काढली.

सीओपीडीचं गणित वेगळं आहे, पण तिथेही अशीच एक चुकीची समजूत आड येते. धाप लागली की आपण भराभर श्वास ओढतो. खरी अडचण असते हवा बाहेर सोडण्याची. श्वास सोडताना बारीक श्वासनलिका मिटतात, जुनी हवा आत अडकते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला, की आतला दाब टिकतो आणि नलिका उघड्या राहतात.

चालताना, जिना चढताना काय कराल?

- थांबलेले असताना नाकाने श्वास घ्या, मनात दोन आकडे मोजा.
- पायरी चढताना चंबूतून चार आकडे होईपर्यंत श्वास सोडा. जोर लावू नका.
- श्वास रोखू नका. कुंभक व्यायामाच्या वेळी नकोच.
- धाप वाढली तर कठड्याला टेकून, किंचित पुढे वाकून थांबा.

व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि इनहेलर बंद करू नका. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ओठ निळसर झाले तर लगेच थांबा आणि तातडीने मदत घ्या.

व्यायामात थोडी धाप लागणारच. तिला घाबरून बसून राहिलात, तर पायांचे स्नायू दुबळे होतात आणि उद्या तोच पूल आणखी उंच वाटतो.