वेगाचा दंड आणि दुसरा साक्षीदार

मुंबईहून पुण्यास मोटारीनें निघालेलें कुटुंब खालापूरचा टोलनाका ओलांडतें, बोरघाट चढतें, लोणावळ्यास चिक्की घेतें, आणि सुखरूप घरीं पोहोंचतें. दोन-चार दिवसांनीं गृहस्थाच्या मोबाईलवर निरोप येतो कीं, अमुक दिवशीं अमुक वाजतां आपलें वाहन मर्यादेहून अधिक वेगानें जात होतें, सबब आपण अमुक रुपये दंड भरावा. मग घरांत खल सुरू होतो. वडील म्हणतात, सरकारचें देणें आहे, भरून मोकळे व्हा. चिरंजीव म्हणतात, घाई कशाला, लोकअदालत बसली म्हणजे निम्म्यांत सुटेल. शेजारचे गृहस्थ म्हणतात, आमचीं सात चलानें पडून आहेत, अद्याप कोणी विचारलें नाहीं. गृहिणीचा प्रश्न मात्र निराळाच असतो: त्या दिवशीं गाडी कोण चालवीत होतें? ह्या चौघांच्या बोलण्यांत हा शेवटचा प्रश्नच कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा आहे, हें पुढें दिसून येईल.

विषय क्षुल्लक वाटतो. हजार-दोन हजार रुपयांच्या दंडासाठीं इतिहासाचीं पानें कशास चाळावीं, असें कोणी म्हणेल. परंतु ह्या लहानशा कागदामागें (आणि आतां तर कागदही उरला नाहीं) दोन जुने वाद उभे आहेत. उतारावरच्या वेगास आवर कोणी घालावा, हा एक. आणि वेग वाढला होता हें कोणाच्या शब्दावरून खरें मानावें, हा दुसरा. पहिल्या वादाचें एक उत्तर कर्जतेच्या घाटांत पाहावयास मिळतें. दुसऱ्याचें मूळ शोधण्यास विलायतेपर्यंत जावें लागतें.

कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांच्या माथ्यावर सह्याद्रीचा कडा एकदम उभा राहतो. पेशवाईंत ह्या वाटेनें पालख्या, लमाणांचे बैल आणि पायदळ जात असे. नाना फडणविसांनीं खोपोलीस बांधलेला तलाव त्या काळच्या वाटसरूंच्या विसाव्याची आठवण आजही देतो. पालखीच्या काळीं वेगाचा प्रश्नच नव्हता. भोई दमले कीं पालखी थांबे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं १० नोव्हेंबर १८३० रोजीं बोरघाटाचा नवा रस्ता खुला केला, तेव्हांपासून गाडीचें चाक ह्या घाटांतून नीट चालूं लागलें, आणि चाकाबरोबर उताराचें भयही आलें.

१८६३ सालीं आगगाडी हा घाट चढली. सुमारें सोळा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढ, आणि कांहीं ठिकाणीं तर दर ३७ फुटांस एक फूट. कर्जतेस गाडी थांबली म्हणजे तिला मागून रेटण्यासाठीं जादा इंजिनें जोडतात, त्यांस रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. तेवढ्या अवकाशांत प्रवासी वडे घेतात. कर्जतचा वडा हा बोरघाटाच्या चढाचाच प्रसाद आहे असें म्हटलें तरी चालेल. परंतु चढण्यापेक्षां उतरणें अवघड. १८६९ सालीं उतारावर ताबा सुटलेली एक गाडी घाटांतल्या त्या वेळच्या उलटफेराच्या स्थानकांत धडकून माणसें मेलीं. ह्या भयावर रेल्वेनें योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे. उतारावर जागोजागीं मुख्य रुळांतून फुटून चढावर जाणारा एक आंधळा फांटा असतो. त्यास ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. रुळांचा सांधा एरव्हीं त्या फांट्याकडेच वळविलेला असतो. उतरत्या गाडीनें तेथें थांबून आपण ताब्यांत आहों हें आधीं दाखवावें, मग तिला पुढचा मार्ग मिळतो. जी थांबूं शकत नाहीं ती आपोआप चढावर जाऊन अडकते. येथें कोणा ड्रायव्हरच्या शब्दावर भरंवसा नाहीं, पंच नाहीं, दंड नाहीं. रुळच न्याय करितात.

रस्त्यावर हें जमत नाहीं. रुळावर गाडी एका मालकाची आणि नियम एका घरचा. रस्त्यावर मात्र हजार मालकांच्या हजार गाड्या, आणि प्रत्येक सुकाणूमागें बसलेल्याची घाई वेगळी. घाटांतल्या शिंग्रोबाच्या देवळापाशीं अनेक ट्रकवाले नाणें टाकून पुढें जातात; ज्या धनगरानें इंग्रजांस घाटाची वाट दाखविली आणि त्याबद्दल जीव गमावला, त्याचें तें ठाणें अशी आख्यायिका आहे. त्याच देवळाच्या परिसरांत १५ एप्रिल २०२३ च्या पहांटे पुण्याहून परतणारी एक बस दरींत कोसळून तेरा जण मृत्यु पावले. घाट क्षमा करीत नाहीं, एवढें जाणण्यास ह्याहून अधिक पुरावा नको. तेव्हां रस्त्यावर वेगास आवर घालण्याचें काम कायद्याकडे आलें. आणि कायद्यास गुन्हा घडून गेल्यावर तो सिद्ध करावा लागतो, म्हणून त्यास साक्षीदार हवा.

हा साक्षीदार कोण असावा, हा वाद इंग्लंडांत मोटारीच्या जन्माबरोबरच उपस्थित झाला. जानेवारी १८९६ मध्यें केंट परगण्यांत वॉल्टर आर्नोल्ड नांवाच्या गृहस्थानें ताशीं २ मैलांची मर्यादा असतां ताशीं ८ मैल वेगानें मोटार हाकली. सायकलवर बसलेल्या एका शिपायानें पाठलाग करून त्यास पकडलें, आणि वेगाबद्दल त्यास एक शिलिंग दंड व वर खर्च भरावा लागला. १९०३ च्या कायद्यानें तेथील मर्यादा ताशीं २० मैलांवर आली. मग पोलिसांनीं युक्ति काढली. रस्त्याचें मोजलेलें अंतर धरून दोन टोकांस कुंपणामागें माणसें दबा धरून बसत, घड्याळ लावीत आणि सरासरी वेग काढून मोटारवाल्यास धरीत. मोटारवाल्यांनींही प्रत्युत्तर दिलें. १९०५ सालीं ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली ती मुख्यत्वें सभासदांस ह्या सापळ्यांची सूचना देण्यासाठींच. तिचे सायकलस्वार पुढें जाऊन इशारा करीत. १९१० सालीं न्यायालयानें अशा इशाऱ्यास पोलिसांच्या कामांतील अडथळा ठरविलें. तेव्हां संस्थेनें डोकें लढविलें: आमचा स्वार सभासदास नेहमीं सलाम करील, ज्या दिवशीं सलाम केला नाहीं, त्या दिवशीं थांबून कारण विचारावें! सलाम न केल्याबद्दल कोणास शिक्षा करणार? आमच्याकडे समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडझाप करून पुढें पोलीस असल्याचें सुचवितो, तो ह्या विद्येंत त्यांचाच वारस होय.

परंतु त्याच १९०३ च्या कायद्यांत एक वाक्य असें होतें कीं, जें ह्या सर्व लपंडावाहून टिकाऊ ठरलें. वेगाची मर्यादा ओलांडल्याचा गुन्हा केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून शाबीत होणार नाहीं, असें तें वाक्य. चालत्या वाहनाचा वेग डोळ्यांनीं जोखणें ही फसवी गोष्ट आहे, हें कायदा करणारांनीं ओळखलें होतें. आमच्याकडील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें हें तत्त्व घेतलें, आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम १८३ मध्यें तें आजही आहे: एकट्या साक्षीदाराचें मत तें यांत्रिक साधनानें केलेल्या मोजणीवर आधारलेलें असल्याविना पुरेसें नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें ‘यांत्रिक’ शब्दाशेजारीं ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द बसविला. एका शब्दाची ही भर लहान दिसते. पण तिनें शिपायाचा साहाय्यक असलेलें यंत्र जवळजवळ मुख्य साक्षीदाराच्या जागीं आणून बसविलें.

त्याच दुरुस्तीनें दंडही वाढला. हलक्या मोटारीस एक ते दोन हजार रुपये, प्रवासी व मालवाहू मोठ्या वाहनास दोन ते चार हजार, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त होण्याची तरतूद. महाराष्ट्रांत हे नवे दर डिसेंबर २०२१ पासून आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा झाला तेव्हां वेग पाहण्यास हातांत यंत्र घेतलेला पोलीस उभा असे. जुलै २०२४ पासून त्या मार्गावर कमानींवरच्या कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. त्या सुमारास सपाटीवर मोटारीस ताशीं १०० किलोमीटर, घाटांत ६०, आणि मालवाहू वाहनास घाटांत ४० अशी मर्यादा होती. हे कॅमेरे एका जागचा वेग टिपतात, तसाच दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. म्हणजे कुंपणामागचा तो घड्याळवाला शिपाईच कमानीवर चढून बसला म्हणावयाचा. चलानांचा पाऊस पडूं लागला. जुलै २०२५ मध्यें राज्यांतील मालवाहतूकदारांनीं ह्या चलानांविरुद्ध संप केला.

संपवाल्यांचें सर्वच गाऱ्हाणें आम्हांस पटत नाहीं. घाटाचे पंधरा किलोमीटर ६० च्या वेगानें पंधरा मिनिटांत होतात, ८० च्या वेगानें सवाअकरा मिनिटांत. ह्या पावणेचार मिनिटांसाठीं जीव टांगणीस लावण्यांत शहाणपण नाहीं. शिवाय वेग ६० चा १०० झाला तर गाडी थांबविण्यास जिरवावी लागणारी शक्ति दीडपट नव्हे, पावणेतीन पटींहून अधिक होते, आणि उतारावर ती सगळी ब्रेकांवर येते. परंतु यंत्रही साक्षीदारच आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झाली पाहिजे, हा त्यांच्या तक्रारींतला गाभा आम्हांस रास्त वाटतो. ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांनींही तो मान्यच केला होता: यंत्रास दरसाल नवें होणारें मान्यतापत्र असावें, रस्त्यावर कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक ठळक असावा, चलानांत गाडीचा क्रमांक दिसेल असें छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि स्थळ असावें, आणि पंधरा दिवसांच्या आंत सूचना धाडावी. १९०३ सालच्या त्या वाक्याचेंच हें आजचें भाष्य होय.

आतां त्या घरच्या खलाकडे वळूं. वडिलांचें म्हणणें प्रामाणिक आहे, पण घाईचें. दंड भरणें म्हणजे कायद्याच्या भाषेंत तडजोड करणें. ती झाली कीं प्रकरण संपतें, आणि मग हरकतीस जागा राहत नाहीं. म्हणून भरण्यापूर्वीं गाडीचा क्रमांक व चासी क्रमांकाचे शेवटचे चार आंकडे देऊन चलानाचें छायाचित्र पाहावें. गाडी आपली आहे, स्थळ घाटांतलें आहे, वेग मर्यादेबाहेरचा आहे, असें दिसलें तर वडिलांचें ऐकावें आणि त्याच दिवशीं भरावें. चिरंजीवांची लोकअदालत ही खरी संस्था आहे. १९८७ च्या कायद्यानें तिच्या निवाड्यावर अपील नाहीं, आणि कांहीं अदालतींत चलानांवर सूट देऊन प्रकरणें मिटलीं हेंही खरें. परंतु ती वाद मिटविण्यासाठीं आहे, दिवाळीच्या सवलतीच्या विक्रीसाठीं नव्हे. ज्याचा वादच नाहीं त्यानें सुटीच्या आशेनें वर्षभर दंड तुंबवून ठेवणें आम्हांस शोभत नाहीं असें वाटतें. शेजारच्या गृहस्थांविषयीं काय लिहावें? त्यांचीं सात चलानें कोणी विचारलीं नाहींत, ह्याचा अर्थ तीं गेलीं असा नव्हे. तीं गाडीच्या नांवावर आहेत, आणि गाडी विकण्याच्या दिवशीं घेणारा तीं सर्वांआधीं शोधील.

राहिला गृहिणीचा प्रश्न. कॅमेरा गाडी ओळखतो, माणूस ओळखत नाहीं. चलान मालकाच्या नांवें येतें. कलम १३३ प्रमाणें, पोलिसांनीं विचारल्यास चालविणारा कोण होता हें सांगणें मालकाचें कर्तव्य आहे. गाडी भाच्यानें नेली असेल तर भाच्याचें नांव सांगावें लागेल, आणि तें सांगण्यापूर्वीं भाच्याशीं बोलावें लागेल. दंड कोणाच्या खिशांतून जावा ह्यापेक्षां घाटांत पुन्हा सुकाणू कोणाच्या हातीं द्यावें, हें त्या बोलण्यांत ठरतें. आमच्या मतें चलानाचा खरा उपयोग तोच.

आणि छायाचित्रांतली गाडी आपली नसेलच तर? खोट्या क्रमांकाची पाटी लावून फिरणारीं वाहनें असतात. अशा वेळीं प्रथम चलानाच्याच संकेतस्थळावर हरकत नोंदवावी. तीवर समाधान न झालें तर प्रकरण गुन्हा घडला त्या हद्दींतील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढें जातें. घाटपायथ्याच्या भागासाठीं तें खालापूरचें न्यायालय. गिरगांवच्या किंवा कोथरूडच्या गृहस्थाचा त्यांत एक दिवस आणि दंडाच्या निम्म्याइतका प्रवासखर्च जातो, म्हणून निर्दोष माणूसही बहुधा पैसे भरून गप्प बसतो. हें आम्हांस दंडाच्या रकमेहून अधिक खुपतें. हजार रुपये गेल्याचें दुःख विसरतां येतें, न केलेला गुन्हा कबूल केल्याची नोंद मात्र राहते. जाणारानें नोंदणीपुस्तकाची प्रत, आपल्या गाडीचें रंग व पाटी स्पष्ट दिसेल असें छायाचित्र, आणि फास्टॅग खात्याचा उतारा बरोबर न्यावा. त्या उताऱ्यावरून आपण सांवकाश गेलों हें सिद्ध होणार नाहीं. पण पुण्याच्या वाटेवर खालापूर आणि तळेगांव ह्या दोन्ही नाक्यांवर टोल कापला जाण्याची वेळ नोंदली जाते, आणि त्या दिवशीं त्या वेळेच्या आसपास आपल्या गाडीची एकही नोंद तेथें नसेल, तर कमानीवरच्या साक्षीदारास उत्तर देणारा दुसरा साक्षीदार आपल्या हातीं आहे.