लालबाग आणि केपचे झुडूप

बंगळूरचे नाव मराठी माणसाला परके नाही. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत मोडू लागले. मात्र आज या शहराची आठवण निघाली की लढाईपेक्षा बागच आधी डोळ्यांपुढे उभी राहते. १७६० साली हैदर अलीने लालबागेचा पाया घातला आणि टिपू सुलतानाने देशोदेशीची बी-रोपे मागवून ती वाढविली. परदेशातील वनस्पती आपल्या मातीत रुजविण्याच्या प्रयत्नांचा अडीचशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास या एका बागेत साठलेला आहे. त्या इतिहासात यश जितके बोधप्रद, तितकेच अपयशही बोधप्रद आहे.

टिपूच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन हा कंपनी सरकारचा वैद्य म्हैसूर प्रांताची पाहणी करीत बंगळुरास आला. सरूच्या रांगांनी आखलेले चौकोनी वाफे, एकात नुसते गुलाब तर दुसऱ्यात नुसती डाळिंबे, अशी त्या बागांची रचना त्याने नोंदवून ठेवली आहे. पाणी मोटेने ओढावे लागे आणि पाण्याची टंचाई हेच या बागांचे मोठे दुखणे होते. केप ऑफ गुड होपहून नुकतीच आणलेली ओक आणि सूचिपर्णी वृक्षांची काही रोपे चांगली वाढत असल्याचेही तो सांगतो.

केपहून आलेली ही रोपे मूळची केपची नव्हेत, ही येथील लक्षात घेण्याजोगी गोष्ट. ओक हा युरोपचा वृक्ष. डच वसाहतवाल्यांनी तो केपला नेऊन लावला होता. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत युरोपातून हिंदुस्थानास येणारी गलबते आफ्रिकेच्या या टोकाला वळसा घालून येत आणि तेथे पाणी व भाजीपाला भरून घेत. त्यामुळे केप हे वनस्पतींच्या प्रवासातीलही एक ठाणे झाले होते. त्या ठाण्याच्या आसपासच्या डोंगरांवर, थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत, एक विलक्षण झुडूप आपोआप फुलत होते. त्याच्या गोल फुलोऱ्यातून असंख्य ताठ केसर बाहेर येतात. शिंप्याच्या उशीत टाचण्या खोचून ठेवाव्यात तसे ते दिसतात, म्हणून इंग्रजीत त्याला ‘पिनकुशन’ हे नाव पडले. पिवळा, नारिंगी, तांबडा असे त्याचे रंग असतात आणि फूल तोडल्यावरही पुष्कळ दिवस टिकते.

युरोपीय शास्त्रज्ञांना या कुळाची भुरळ लवकरच पडली. लिनीअसने ग्रीक पुराणातील, हवे ते रूप घेणाऱ्या प्रोटिअस या सागरदेवाच्या नावावरून त्यातील एका प्रजातीस ‘प्रोटिआ’ हे नाव दिले. १७७२ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन या माळ्याला वनस्पती गोळा करण्यासाठी केपला धाडले. पुढे रॉबर्ट ब्राउन याने १८१० मध्ये पिनकुशनची प्रजाती ‘ल्यूकोस्पर्मम’, म्हणजे ‘शुभ्रबीज’, या नावाने स्वतंत्रपणे मांडली. देवाच्या नावाप्रमाणे या कुळाने रूपे असंख्य घेतली. परंतु या झुडपाने आपला स्वभाव मात्र कोठेही बदलला नाही.

तो स्वभाव त्याच्या जन्मभूमीने घडविलेला आहे. केपच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. जमीन वाळूमिश्रित, आम्लधर्मी आणि अत्यंत निकस. अशा जमिनीतून स्फुरदाचा कण न् कण शोषून घेण्यासाठी या कुळातील झाडे बारीक मुळांचे दाट झुबके धरतात. म्हणून जेथे इतर झाडे उपाशी राहतील तेथे हे झुडूप सुखाने जगते. उलट प्रेमाने घातलेला हाडांचा चुरा त्याला विषासारखा बाधतो. त्याच्या बियांवरील स्निग्ध आवरणाच्या लोभाने मुंग्या त्या वारुळात नेतात, आवरण खाऊन बी तशीच टाकून देतात. पुढे केव्हातरी वणवा येऊन वरचे रान जळते आणि मगच जमिनीतील बी अंकुरते. ज्याचा जन्मच वणव्यानंतरचा, त्याला दुष्काळाचे भय ते काय?

तरीही हे झुडूप दक्षिण हिंदुस्थानात रूढ झाले नाही. याच कुळातील सिल्व्हर ओक हा ऑस्ट्रेलियन वृक्ष मात्र येथलाच होऊन गेला. नावात ओक असला तरी त्याचा खऱ्या ओकशी काही संबंध नाही; तो पिनकुशनचा भाऊबंद आहे. बंगळूरची आवारे त्याने भरली, कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांवर त्याने सावली धरली आणि मिरीच्या वेलांना तो आधार झाला. एकाच कुळातील दोघांच्या नशिबात हा फरक का पडावा? याचे मोठे कारण पावसाच्या ऋतूत आहे. सिल्व्हर ओक पूर्व ऑस्ट्रेलियातील ज्या प्रदेशाचा, तेथे पाऊस मुख्यतः उन्हाळ्यातच पडतो. बंगळूरचे पर्जन्यमान त्याला ओळखीचे वाटले. पिनकुशनला मात्र सारेच उलटे. तो पाण्याची वाट पाहतो तेव्हा डिसेंबर-जानेवारीचे कोरडे आकाश, आणि मुळांना विसावा हवा तेव्हा उबदार, ओली माती. अशा मातीत त्याची मुळे कुजतात.

हाच विचार कोकणच्या बागांनाही लागू पडतो. केपच्या किनाऱ्यावर खारा वारा सोसणारे झुडूप रत्नागिरीच्या किनाऱ्यावर का जगू नये, असा प्रश्न साहजिक आहे. वारा ते सोसेलही. पण चार महिन्यांत कोसळणारा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस कसा सोसणार? हौशी माणसाने ते उंच, रेताड वाफ्यात किंवा कुंडीत लावावे, पावसाळ्यात आडोशाला ठेवावे आणि खताचा हात आखडावा. ज्याला इतके जपणे शक्य नाही त्याच्या अंगणात कण्हेर अधिक शोभेल. ऊन, खारा वारा आणि आषाढ हे तिन्ही तिच्या परिचयाचे आहेत.

ऋतूचे हे मर्म ज्याने बंगळुरात ओळखले, तो जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बिगेल. क्यू येथे काम केल्यावर तो सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास आला आणि १९०८ मध्ये लालबागेचा कारभारी झाला. शहराच्या रस्त्यांवर वर्षभर काही ना काही फुललेले असावे, एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा क्रमाने त्याने वृक्ष निवडले. झाड कोठून आणले यापेक्षा ते येथे केव्हा फुलेल, हा त्याचा प्रश्न होता. मागविलेली सर्वच रोपे रुजत नाहीत. ज्यांचे पंचांग आपल्या पंचांगाशी जुळते तीच येथली होतात. लालबागेच्या इतिहासाने शिकविलेला हा धडा पुढचे परदेशी रोप विकत घेताना आठवला, तरी पुष्कळ पैसा आणि पुष्कळ झाडे वाचतील.