रात्रपाळीचा कंपाउंडर

संध्याकाळी कॅश जुळली नाही की बँकेतल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला विल्यम सिडनी पोर्टरची दया आल्यावाचून राहणार नाही. हा गृहस्थ १८९१ पासून टेक्सासातल्या ऑस्टिन गावी फर्स्ट नॅशनल बँकेत टेलर होता. टेलर म्हणजे शिंपी नव्हे. आपला पिंजऱ्यातला कॅशियर. पुढच्या आयुष्याची तालीम म्हणा ना!

बँकेचा कारभार ढिला होता म्हणतात. तपासनिसांना मात्र हिशेबात भोक दिसले. अफरातफरीचा आकडा ठरला ८५४ डॉलर आणि ८ सेंट. ते वरचे ८ सेंटसुद्धा सोडले नाहीत पठ्ठ्यांनी! पोर्टरने पैसे खाल्ले की दुसऱ्याचे निस्तरले, यावर अजून वाद आहे. पण १८९६ साली खटल्याच्या आदल्या दिवशी तो गाडीत बसला तो ऑस्टिनऐवजी न्यू ऑर्लीन्सला, आणि तिथून थेट होंडुरासला. मला विचाराल तर फसला तो इथेच. निर्दोष माणूस फार तर मावशीकडे जातो, होंडुरासला जात नाही.

परत आला तो पोलिसांच्या भीतीने नव्हे. बायको क्षयाने शेवटच्या घटका मोजते आहे असे कळले म्हणून. जुलै १८९७ मध्ये ती गेली. पुढे कोर्टात हा जवळजवळ गप्पच राहिला. पाच वर्षांची सजा झाली आणि एप्रिल १८९८ मध्ये ओहायोच्या तुरुंगात कैदी नंबर ३०६६४ दाखल झाला.

आता नशिबाचा खेळ पाहा. पोरवयात काकाच्या औषधाच्या दुकानात याने पुड्या बांधल्या होत्या, रीतसर परवानाही मिळवला होता. त्यामुळे तुरुंगाच्या इस्पितळात त्याला रात्रपाळीचा कंपाउंडर नेमले. कोठडी चुकली, खाटही मिळाली. पण औषधे घेऊन रात्री कोठड्यांपुढून फिरायचे म्हणजे काय, ते सासरी लिहिलेल्या पत्रांतून दिसते. इथे माणसाच्या जिवाला कवडीची किंमत नाही, क्षय तर पडशासारखा पसरला आहे, असे तो कळवतो. ज्या रोगाने बायको नेली त्याच रोगाच्या बाटल्या हा रात्रभर भरत होता.

दोन बाटल्यांच्या मधल्या वेळात तो गोष्टी लिही. न्यू ऑर्लीन्सच्या ओळखीच्या माणसामार्फत त्या मासिकांकडे जात, म्हणजे पाकिटावर तुरुंगाचा पत्ता नको. डिसेंबर १८९९ च्या ‘मॅक्ल्युअर्स’मध्ये एका गोष्टीखाली नाव छापून आले: ओ. हेन्री. शेवटी शेवटी सरकारने त्याला तुरुंगाच्या कोठीवर हिशेब लिहायला बसवले. बँकेचे पैसे खाल्ल्याबद्दल आत टाकलेला माणूस, आणि त्याच्याच हाती खतावणी! सरकार कुठलेही असो, डोके सारखेच.

चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून २४ जुलै १९०१ रोजी तो सुटला आणि पिट्सबर्गला सासऱ्यांकडे गेला. मुलगी मार्गारेट अकरा वर्षांची झाली होती. वडील कामधंद्यासाठी परगावी आहेत, असे तिला इतकी वर्षे सांगितले होते. ते तसेच चालू राहिले. लोकांना खरी हकीकत कळली ती १९१६ साली चरित्र छापले गेले तेव्हा. पोर्टरला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.