जॅकार्डच्या छिद्रांपासून स्टेपर ड्रायव्हरपर्यंत : भिवंडीच्या मागाजवळून दिसणारा यंत्रदुरुस्तीचा इतिहास

१/
१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्यांचे भोंगे थंडावले, कापडाची मागणी मात्र थांबली नाही. तिचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या यंत्रमागांनी पेलला.

२/
भिवंडी या धंद्यात नवखी नव्हती. उत्तरेतून आलेली मोमीन-अन्सारी विणकर कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर विणत होती. महाराष्ट्रात यंत्रमागाची सुरुवात १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी केली. पुढे १९५४ मध्ये कानुनगो समितीने हातमागांचे टप्प्याटप्प्याने यंत्रमागांत रूपांतर करावे, अशी शिफारस केली. गिरण्यांच्या मागसंख्येवर बंधने आली आणि छोट्या कारखान्यांना वाव मिळाला.

३/
या कारखान्यांत आलेले कित्येक माग गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. लोखंडी सांगाडा, एक मोटर, पट्टा, दाते आणि धोट्याला फटका देणारी काठी. अशा मागाचा दोष डोळ्यांना दिसतो किंवा कानाला कळतो. ठोक्याचा आवाज बदलला की जॉबर पान्हा घेऊन येतो. कारागिराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. त्यामुळे माग बंद असलेला प्रत्येक तास त्याच्या कमाईतून वजा होतो. दुरुस्ती किती लवकर होते, यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असते.

४/
साध्या मागावर नक्षी हवी असेल तर वर डॉबी बसवतात. लाकडी पट्ट्यांच्या साखळीत खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी आली की ताण्याची एक चौकट उचलली जाते, नसेल तर ती खालीच राहते. नक्षी बिघडली तर साखळी पाहायची आणि चुकलेली खुंटी बदलायची. यंत्राला दिलेला हुकूम येथे हाताने चाचपता येतो.

५/
या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध अवतार फ्रान्समधील लिऑन येथे घडला. बुशोन, फाल्कन आणि व्होकान्सन यांनी अठराव्या शतकात केलेल्या प्रयत्नांवर जोसेफ-मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास आपली रचना उभी केली. पुठ्ठ्याच्या पत्र्यावरील छिद्र म्हणजे ‘उचल’, कोरी जागा म्हणजे ‘उचलू नको’. एक पत्रा म्हणजे बाण्याची एक ओळ. लिऑनच्या विणकरांनी या यंत्राला कडवा विरोध केला; हाताचे काम जाईल, ही त्यांची भीती होती.

६/
छिद्रांची भाषा मागापुरती उरली नाही. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रित पत्रे वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक कापण्यासाठी जॉन पार्सन्सने आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटीने १९५२ मध्ये असे मिलिंग यंत्र चालवून दाखवले. त्याला हुकूम देत होती छिद्रे पाडलेली कागदी फीत.

७/
हुकूम मिळाला, तरी तो अमलात कोण आणणार? एमआयटीच्या यंत्रात सर्व्होयंत्रणा होती. आपण कोठे पोहोचलो, हे ती सतत मोजत राहते. स्वस्त पर्याय होता पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर. १९१९ मध्ये अॅबरडीनच्या वॉकर नावाच्या अभियंत्याने तिच्या दंतुर रचनेचे ब्रिटिश पेटंट मिळवले. ब्रिटिश नौदलाने अशा मोटरी तोफांच्या आणि पाणतीरांच्या नळ्यांच्या दिशादर्शनासाठी वापरल्या. आजची सर्वसामान्य मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे.

८/
जपानमध्ये फुजित्सूच्या अभियंत्यांनी १९५६ पासून संख्यात्मक नियंत्रणावर काम केले आणि १९५९ मध्ये द्रवदाबाची जोड दिलेली पल्स मोटर बनवली. याच विभागातून पुढे फानुक ही कंपनी उभी राहिली. १९७० च्या दशकात मोठे कारखाने सर्व्होकडे वळले. स्टेपर मोटर छपाईयंत्रांत आणि फ्लॉपी ड्राइव्हमध्ये स्थिरावली. ही उपकरणे जुनी होऊन भंगारात गेली, तेव्हा हौशी कारागिरांना त्यांतून फुकटात मोटरी मिळू लागल्या.

९/
मोटर मिळाली, पण तिला चालवणारे डोके हवे होते. ते काम खुल्या ज्ञानाने केले. अमेरिकेच्या मानक संस्थेत तयार झालेला ईएमसी हा नियंत्रक सर्वांसाठी खुला झाला. २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनोचा जन्म झाला. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूड यांनी ‘जीआरबीएल’ लिहिले आणि सीएनसी यंत्राचा मेंदू एका लहानशा आर्डुइनोत मावला.

१०/
या प्रवासात महाराष्ट्राचेही एक ठिकाण आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ‘हाताने करून शिकणे’ हा त्याचा पाया. २००२ मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅबलॅब येथेच उभी राहिली. संगणकाच्या हुकमावर कापणारी यंत्रे ग्रामीण मुलांच्या हाती आली, तीही ती उघडून पाहण्याच्या मुभेसह.

११/
संगणक आणि मोटर यांच्यामध्ये ड्रायव्हर बोर्ड असतो. डॉबीतील खुंटी आणि चौकट यांना जोडणाऱ्या आकड्याचे काम तो करतो. प्रत्येक स्पंदाला तो मोटरच्या वेटोळ्यांतील प्रवाह बदलतो आणि विद्युत्‌दाब झपाट्याने चालू-बंद करून प्रवाह मर्यादेत ठेवतो. स्वस्त बोर्डांचे बिघाड बहुतेक वेळा याच कामात दडलेले असतात.

१२/
पहिला बिघाड क्रमाचा. टीबी६५६० ही तोशिबाची चिप हौशी यंत्रांत फार गाजली आणि फार जळाली. तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट सांगितले आहे : आधी ५ व्होल्टचा तर्कपुरवठा स्थिर होऊ द्यावा, मगच मोटरचा पुरवठा द्यावा, बंद करताना उलट क्रम पाळावा. अनेक स्वस्त बोर्डांवर हा क्रम पाळण्याची सोयच नव्हती. कारागिरांनी मोटरचा पुरवठा उशिरा जोडणारा रिले बसवून हा दोष दूर केला.

१३/
दुसरा बिघाड वेगाचा. २०० पावलांची मोटर, १६ सूक्ष्मपावले आणि एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा स्क्रू धरला, तर प्रत्येक मिलिमीटरला ४०० स्पंद लागतात. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाला सेकंदाला २०,००० स्पंद. प्रत्येक स्पंद जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो. बोर्डावर पीसी८१७ सारखा संथ ऑप्टोकपलर असेल तर काही स्पंद वाटेतच हरवतात आणि कापणीची रेषा सरकते. उपाय म्हणजे स्पंद रुंद करणे किंवा ६एन१३७ सारखा वेगवान भाग त्याच्या जोडण्यांप्रमाणे तारा बदलून बसवणे.

१४/
तिसरा बिघाड मापाचा. ए४९८८ च्या बोर्डावर एका चिमुकल्या स्क्रूने संदर्भदाब ठरवतात. हा दाब = प्रवाह × ८ × संवेदन रोध. रोध ०.१ ओहम असेल तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. दुसऱ्या बोर्डावर रोध ०.०५ ओहम असेल तर तेच ०.८ व्होल्ट २ अँपिअर वाहू देतात. म्हणून स्क्रू फिरवण्यापूर्वी रोधावर ‘आर१००’ लिहिले आहे की ‘आर०५०’, ते पाहावे लागते. आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नये : वेटोळ्यातील प्रवाह अचानक तुटला की उसळणारा दाब चिप जाळतो.

१५/
या तिन्ही दुरुस्त्यांमागे एकच समान गोष्ट आहे. चिपचे माहितीपत्रक कोणालाही वाचता येते. ते नसते, तर जळलेला बोर्ड फेकून नवा घेणे एवढाच मार्ग उरला असता.

१६/
आता पुन्हा भिवंडी. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा आरंभ याच गावात झाला. जुना माग न हटवता आहे त्याच जागी सुधारण्यासाठी अनुदान हा तिचा एक भाग होता. ताणा किंवा बाणा तुटताच माग थांबवणारी योजना, ताणा नियंत्रितपणे सोडणारी रचना, डॉबी, जॅकार्ड असे भाग जुन्या सांगाड्यावर चढवायचे. हौशी कारागीर आपल्या बोर्डावर जे करतो, तेच येथे लोखंडावर करायचे होते.

१७/
दरम्यान जॅकार्डही बदलला. १९८३ मध्ये ब्रिटनच्या बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आणला आणि पुठ्ठ्याचे पत्रे गेले. नक्षी आता स्मृतीत असते. छिद्र डोळ्यांना दिसत नाही. असा माग थांबला की पान्हा पुरत नाही. नियंत्रकाचा नकाशा बंद असेल, तर बाहेरगावचा तंत्रज्ञ येईपर्यंत मालकाचा माल अडतो आणि कारागिराची मजुरी बुडते.

१८/
लिऑनच्या विणकरांना यंत्र आपले काम हिरावून घेईल, अशी भीती होती. भिवंडीच्या जॉबरने तेच यंत्र उघडून, ऐकून, घासून आपलेसे केले आणि मोडीतले माग पुढे चालवले. पाबळच्या फॅबलॅबमधील मुलगा आणि टीबी६५६० ला रिले जोडणारा हौशी कारागीर त्याच परंपरेतले. यंत्राची पुढची पिढी भिवंडीच्या हातात राहील की नाही, हे तिच्यासोबत नकाशा आणि माहितीपत्रक येते की नाही, यावर ठरेल.