लॅपटॉप घेताय? किंमत कळते, पण बांधणी कशी ओळखायची?

इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली की घरात पुढचा विषय लॅपटॉपचा. आपण तो फोनसारखाच निवडतो: प्रोसेसर, रॅम, किंमत, झालं! पण हा लॅपटॉप चार वर्षं बोरिवली-अंधेरी लोकलच्या गर्दीत दबून जाणार आहे आणि घरचे त्यावर पैसे एकदाच घालणार आहेत. म्हणून ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत, त्या आधी बघा.

सगळ्यात आधी बिजागरी, म्हणजे हिंज. बऱ्याच स्वस्त मॉडेल्समध्ये हिंजचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत आवळलेले असतात. हिंज फार घट्ट असली की झाकण उघडताना सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो, मग एक दिवस नट उपटतो आणि कव्हर तडकतं. क्रोमा किंवा विजय सेल्समध्ये डेमो पीस असतो, तो हातात घ्या. झाकण एका कोपऱ्याने हळूच उघडा. ते पिळवटलं किंवा करकरलं तर पुढचं मॉडेल बघा. कीबोर्डच्या मधोमध दाबून तो किती खचतो तेही पाहा. 'मिलिटरी ग्रेड' स्टिकरला भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. लष्कर सर्टिफिकेट वगैरे काही देत नाही.

स्क्रीनच्या माहितीत '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर रंग फिकेच असणार. कोडिंगला चालेल, फोटो-व्हिडिओ एडिटिंगला नाही.

रॅम वाढवता येईल का? डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. मग १६ जीबी आत्ताच घ्या, ८ जीबीवर अडकू नका.

आता मॅकबुक. एम४ चिपचा एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांपासून आला: १६ जीबी रॅम, ५०० निट्सची स्क्रीन, ॲल्युमिनियमची बॉडी, पंखा नाही, १३ इंची मॉडेलचं वजन १.२४ किलो. बांधणीत तो माझ्या मते सरसच. पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही नंतर वाढत नाहीत, आणि सॉलिडवर्क्स मॅकओएसवर चालत नाही. त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांनी विंडोजच घ्यावा. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल, तर ६० हजारांचा नीट तपासून घेतलेला विंडोज लॅपटॉपही चार वर्षं काढतो. एअरसाठी कर्ज काढू नका.

गेमिंग लॅपटॉप घेणार असाल तर वजन चार्जरसकट मोजा. तीन किलोच्या आसपास जातं, आणि ते पाठीवर घेऊन अंधेरीला उतरायचं असतं!

पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. तुटलेली हिंज अनेकदा 'फिजिकल डॅमेज'मध्ये धरतात. ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर वेगळं घ्यावं लागतं का आणि केवढ्याला पडतं, हे बिल फाडायच्या आधी विचारा.