भंडारदऱ्याचे पाणी : शेत आणि नगर

शेतजमीन आणि वाढते नगर यांच्यातील विरोधाचा विचार बहुधा जमिनीच्या अंगाने केला जातो. कोणाचे शेत गेले, किती मोबदला मिळाला, बिनशेती परवाना कोणी दिला, असे प्रश्न पुढे येतात. प्रवरेच्या खोऱ्यात मात्र हा विरोध प्रथम पाण्याच्या रूपाने प्रकट झाला आणि जमिनीचा प्रश्न त्याच्या मागोमाग आला. म्हणून या खोऱ्याचा इतिहास पाहू लागताच जमीन आणि पाणी यांचा हिशेब शासनाने दोन निराळ्या दप्तरांत ठेवला, ही गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. आमच्या मते या विरोधाचे मूळ बऱ्याच अंशी या दुहेरी हिशेबात आहे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर १९०१ साली पाटबंधारे आयोग नेमला गेला आणि दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्याला कालव्यांचे संरक्षण देण्याच्या धोरणाने जोर धरला. भंडारदऱ्याचे धरण या धोरणाचेच अपत्य होय. बांधकाम १९१० च्या सुमारास सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्‌घाटन होऊन त्यांचेच नाव त्यास देण्यात आले. उंची सुमारे २७० फूट आणि साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. येथून सुटलेले पाणी रंध्याच्या धबधब्यावरून नदीपात्राने अकोले व संगमनेर ओलांडून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. म्हणजे ज्या अकोले तालुक्यात पाणी साठले त्याच्या शेतांजवळून ते नुसते वाहून गेले, आणि हिरवे झाले ते संगमनेरच्या खालचे राहुरी-श्रीरामपूरकडील मळे. ही विषमता आजच्या तंट्यांच्याही मुळाशी आहे.

कालवा दुष्काळनिवारणासाठी काढला, पण त्यावर पिकला तो ऊस. हरेगाव येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि कारखान्याभोवती उसाचे मोठे क्षेत्र उभे केले. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर रोड स्थानकाभोवती पेठ वसली. पुढे तीच श्रीरामपूर म्हणून नावारूपास आली. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्याच्याभोवती जी वस्ती झाली तिचे नावच प्रवरानगर. या खोऱ्यातील नगरे शेतीच्या कुशीत आणि शेतीच्याच पैशावर वाढली, हे येथे विसरता येत नाही. मुंबईच्या उपनगरांप्रमाणे बाहेरचे शहर येऊन शेतावर आदळले, असे येथे फारसे घडले नाही.

पाण्याच्या वाटपाची जी पद्धत या कालव्यांवर रूढ झाली तिचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे. विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर आखलेली ब्लॉक पद्धती दख्खनच्या इतर कालव्यांवरही आली. एका सलग क्षेत्रास सहा वर्षे पाण्याची हमी द्यावयाची, त्यातील तिसरा हिस्सा उसाखाली आणि उरलेला हंगामी पिकांखाली ठेवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. शेतकऱ्याने नमुना सातचा अर्ज भरावा, शेजपाळीच्या यादीत त्याचे नाव लागावे, आणि पाटकऱ्याने त्याच्या चारीला ठरलेल्या दिवशी पाणी सोडावे. या व्यवस्थेत तंटे होत नसत असे नव्हे. किंबहुना पाळीवरून झालेली भांडणे खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. पण तंटा कोणापुढे न्यावयाचा हे ठाऊक असे, आणि हमीला मुदत असे.

ही हमी पाण्याची होती. जमिनीची हमी कोणीच दिली नव्हती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांच्या ताब्यातील जमिनी शासनाकडे गेल्या. १९६३ मध्ये त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. मूळ खंडकरी शेतकऱ्यांचा लढा मात्र अर्धशतक चालला आणि २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. या अवधीत श्रीरामपूरसारख्या गावांच्या कडेच्या जमिनीचे मोल एकरी उसाच्या टनांत मोजण्याचे दिवस संपले होते. आजोबांनी जे शेत खंडाने दिले ते नातवाला बिनशेतीच्या किमतीने परत मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९६६ मध्ये महाराष्ट्रात दोन महत्त्वाचे कायदे झाले : जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम. पहिला जमिनीकडे सातबाऱ्यातून पाहतो, दुसरा नकाशातून. चारीकडे दोहोंपैकी कोणीही नीट पाहत नाही. कालव्याचा मुख्य पाट पाटबंधारे खात्याचा असतो, परंतु शेवटच्या पोटचाऱ्या शेतकऱ्यांच्याच बांधांमधून गेलेल्या असतात. वरच्या शेतात भूखंड पडले, रस्ता झाला, चारी बुजली की खालच्या शेतकऱ्याचा पाण्यावरील हक्क कागदावर अबाधित राहतो आणि पाणी मात्र थांबते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने सातबारा पाहिलेला असतो. शेजपाळीची यादी त्याच्या टेबलावर येत नाही.

पाण्याचा अग्रक्रमही या काळात बदलत गेला. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास आणि त्यानंतर शेतीस स्थान दिले. २०११ मध्ये शेती पुन्हा उद्योगाच्या पुढे आणण्यात आली. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने जायकवाडीतील साठा १५ ऑक्टोबर रोजी ठरलेल्या प्रमाणाहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम घातला. २०२३ च्या टंचाईत अशा रीतीने सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात प्रवरा समूहाचा म्हणजे भंडारदरा व निळवंडे यांचाही वाटा होता. खाली मराठवाड्याची तहान आहे, तशीच छत्रपती संभाजीनगरची आणि तेथील उद्योगांचीही आहे. नगर व शेत यांचा तंटा आता दोन विभागांच्या तंट्याचा वेष घेऊन येतो. शिर्डी व कोपरगाव या शहरांसाठी निळवंड्यातून बंदिस्त जलवाहिनी नेण्याच्या योजनेस लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी केलेला विरोधही याच जातीचा होय. १९७० च्या सुमारास मंजूर झालेल्या निळवंड्याच्या कालव्यांत पाणी येण्यास २०२३ उजाडले. अर्धशतक वाट पाहिलेल्या माणसास शहराची नळयोजना आपल्या ताटातील घास वाटावी, यात नवल नाही.

आता धरणाच्या वरच्या अंगास वळू. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी ही जलाशयाभोवतीची गावे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची आणि पीक भात, नागली, वरई. कालव्याची शेजपाळी येथे कधी आलीच नाही. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यास महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने प्रतिबंध आहे. १९८६ पासून परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. म्हणजे कागदावर जमीन खाली प्रवराकाठी आहे तिच्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे.

तरीही नगर येथे आले, आणि जमीन विकत न घेता आले. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये, मुंबई, पुणे व नाशिकहून वाहनांच्या रांगा लागतात. भाताच्या मोकळ्या खाचरांत तंबू उभे राहतात. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच असते आणि बहुतेक ठिकाणी तंबूही त्याचाच असतो. या उत्पन्नाने कित्येक घरांतील तरुणांचे मजुरीसाठी परगावी जाणे कमी झाले आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार, त्यांच्या खोऱ्यातील पाण्यावर शंभर वर्षे पोसलेल्या आम्हां खालच्या लोकांना मुळीच नाही. पण सपाट केलेले खाचर पुन्हा बांध घालून लावणीस आणावयाचे तर मृगाच्या आत काम उरकावे लागते, आणि काजव्यांचा मोसम नेमका त्याच दिवसांत येतो. येथे शेत आणि नगर हे दोन पक्ष एकाच घरात, क्वचित एकाच माणसात राहतात. बिनशेती परवान्याचा प्रश्न आला तर तहसीलदार आहे, झाड तुटले तर वनखाते आहे, पाणी अडले तर पाटबंधारे खाते आहे. कोणते खाचर यंदा तंबूला द्यावयाचे आणि कोणते भाताला राखावयाचे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याने आपापल्या ओट्यावर बसून करावयाचा असतो.