शेरीफचा पगार कोण देतो?

आज आपण पोलिसांच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत, पण त्यात ना खून असेल ना तपास. आजचा प्रश्न जरा रुक्ष आहे : पोलिसाचा पगार कोणाच्या खिशातून निघतो? मला विचाराल तर या एका प्रश्नावरून पोलीस कोणाकडे बघून काम करतो ते कळतं.

आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. गडचिरोलीतला शिपाई असो की ठाण्यातला, दोघांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. जिल्हा परिषद गरीब आहे म्हणून तालुक्याचं ठाणं बंद पडलं, असं आपण कधी ऐकलेलं नाही. अमेरिकेत मात्र हे होऊ शकतं. आज आपण त्यातलं एकच राज्य घेऊ : टेक्सास.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण जिल्हा म्हणा, पण आपल्या जिल्ह्यापेक्षा बरीच लहान. प्रत्येक काउंटीला एक शेरीफ. आपल्या मुंबईतही शेरीफ असायचा, नगरपाल म्हणायचे त्याला, पण ते मानाचं पद. टेक्सासचा शेरीफ खराखुरा पोलीसप्रमुख असतो. तो अटक करतो, तुरुंग सांभाळतो, आणि मुख्य म्हणजे लोकांच्या मतांवर निवडून येतो.

एकोणिसाव्या शतकात या शेरीफची कमाई मुख्यतः फीवर चालायची. समन्स बजावलं, इतकी फी. अटक केली, इतकी. कैदी दुसरीकडे पोचवला, तर मैलावर हिशोब. कैद्यांच्या जेवणाचा भत्ता वेगळा, म्हणजे जेवणात काटकसर केली की चार पैसे सुटणार. आता विचार करा, ज्याची चूल अटकेवर पेटते, तो कोणाला अटक करील? ज्याच्यामागे वकील उभा राहणार नाही, त्यालाच. गंमत म्हणजे १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत कर गोळा करणं हेही काम राज्यघटनेने याच शेरीफकडे दिलेलं होतं. म्हणजे वसुली करणारा तोच आणि बेड्या घालणाराही तोच.

ही पद्धत मोडायला बराच काळ गेला. आधी मोठ्या काउंट्यांत पगार सुरू झाला. मग १९४८ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि १ जानेवारी १९४९ पासून सगळ्याच काउंट्यांत शेरीफ आणि त्याचे डेप्युटी पगारी झाले.

पण पगार ठरला म्हणजे पैसा आला असं होत नाही. काउंटीचं मुख्य उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. जिथे उद्योग नाहीत, जमिनीला भाव नाही, तिथे कर लावून लावून किती लावणार? गावात डेप्युटी तयार व्हायचा आणि हात बसला की जास्त पगारासाठी शहरात निघून जायचा. शेकडो मैलांच्या रस्त्यांवर रात्री एखादीच गाडी गस्तीला, ही तिथली नेहमीची तक्रार.

मग छोट्या जागेला सरकारने पैसा द्यावा का? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर इंग्लंडकडे आहे, आणि ते उलट्या दिशेचं आहे. १८५६ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक काउंटीला पोलीस दल ठेवणं सक्तीचं झालं. त्या बदल्यात पगार आणि गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकार देणार, पण सरकारी निरीक्षकाने दल कार्यक्षम ठरवलं तरच. आणि ५,००० पेक्षा कमी वस्तीच्या शहराने स्वतःचं वेगळं दल ठेवलं, तर त्याला छदामही नाही. काउंटीच्या दलात विलीन व्हा, मग बघू! १८७४ मध्ये हा हिस्सा निम्म्यावर गेला, आणि १८८८ च्या कायद्याने १०,००० पेक्षा लहान शहरांची दलंच संपली. थोडक्यात, इंग्लंडने पैसा वापरला तो छोटी दलं मिटवायला.

टेक्सासने २०२३ मध्ये नेमकं उलटं केलं. तीन लाखांपर्यंत वस्ती असलेल्या काउंट्यांना राज्याकडून दरवर्षी अनुदान मिळेल, असा कायदा केला. वस्ती १०,००० च्या आत असेल तर अडीच लाख डॉलर, ५०,००० च्या आत साडेतीन लाख, त्यापुढे पाच लाख. अट अशी की शेरीफला वर्षाला किमान ७५,००० डॉलर, गस्तीवरच्या डेप्युटीला ४५,००० आणि तुरुंगरक्षकाला ४०,००० मिळालेच पाहिजेत. हे भागल्यावर उरलेल्या पैशातून नवी माणसं, गाड्या, हत्यारं.

आता जरा आकडेमोड करू. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत माणसं होती अवघी ६४. कायद्याच्या हिशोबाने तिचा हक्क अडीच लाखांचा, म्हणजे माणशी सुमारे ३,९०० डॉलर. आणि ९,९०० वस्तीच्या काउंटीलाही तेवढेच अडीच लाख, म्हणजे माणशी पंचवीस! त्यात लव्हिंग काही गरीब नाही, तिच्या पोटात तेल आहे. अर्थात तेलामुळेच तिथे टँकरची वर्दळ आहे, बाहेरचे कामगार आहेत, आणि ते जनगणनेत दिसत नाहीत. म्हणून ही निव्वळ उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या मापात गरज मोजलेली नाही, ते माप न्याय्य आहे असंही म्हणवत नाही.

मला खरी अडचण वेगळीच वाटते. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा नियमित भरतं आणि अंदाजपत्रकही दोन वर्षांचं असतं. काउंटीने आज डेप्युटीचा पगार ४५,००० वर नेला. उद्या ऑस्टिनमध्ये बसलेल्यांनी हात आखडता घेतला तर? पगार खाली आणता येत नाही आणि वाढीव कर गावाला झेपत नाही. म्हणजे शेरीफ मतं मागणार गावाकडे आणि डोळे लावून बसणार राजधानीकडे.

तरीसुद्धा फीच्या जमान्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, यात मला शंका नाही. तेव्हा शेरीफच्या पैशाचं ओझं बेड्या पडलेल्या माणसावर होतं, आज ते अख्ख्या राज्यावर विभागलं गेलंय. फक्त एक लक्षात ठेवायचं : पैसा देणारा बदलला की पोलीस ज्याच्याकडे बघतो तोही बदलतो. एखादा नेता पोलिसांना भरघोस निधी जाहीर करतो तेव्हा आकड्याआधी विचारा, हा पैसा किती वर्षांसाठी आहे आणि कोणत्या अटीवर?

आज इथेच थांबतो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!